आपले काम सांगावे कसे?

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘मुलाखतीत व इतरत्र आपले काम गोष्टीच्या रूपाने कसे मांडावे’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी केंद्रप्रमुखांनी सूचना केली, तेव्हा मला प्रथम थोडा संकोच वाटला. जिल्हा परिषदेच्या शाळांतील नेमणुका आज गुणवत्तेच्या यादीवरून, मुलाखतीवाचून होतात. तेव्हा येथे बसलेल्यांपैकी कित्येक तरुण शिक्षकांना तो प्रसंग ठाऊकच नसेल. मग या विषयाचे येथे प्रयोजन काय?

परंतु थोडा विचार करता ध्यानी आले की, नाव मुलाखतीचे नसले तरी प्रसंग मुलाखतीचाच, असे आपल्या आयुष्यात वारंवार घडते. विस्तार अधिकारी वर्गात येऊन बसतात आणि विचारतात, ‘गुरुजी, यंदा विशेष काय केलेत?’ शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एखादा पालक उठतो आणि म्हणतो, ‘बाई, आमच्या पोराला दोन वर्षांत काय आलं?’ जिल्हा पुरस्काराच्या निवड समितीपुढे बसावे लागते. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी तर 2018 पासून शिक्षकाने स्वतःच अर्ज करावयाचा, आणि निवडीच्या पुढच्या टप्प्यावर परीक्षक-मंडळापुढे आपले काम स्वतःच्याच तोंडाने मांडावयाचे, अशी पद्धत आहे. शिवाय आपले जुने विद्यार्थी आहेत. पदविका घेऊन खासगी संस्थेच्या शाळेत उमेदवारी करणारी मुले मुलाखत आणि पाठाचे प्रात्यक्षिक या दोहोंना सामोरी जातात, आणि आदल्या संध्याकाळी आपल्याच ओट्यावर येऊन बसतात. त्यांना आपण काय सांगणार?

मी या विषयातला अधिकारी पुरुष नव्हे. उलट, या परीक्षेत मी एकदा चांगलाच नापास झालो आहे, आणि ती हकीकत सांगण्याचाच माझा अधिकार आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका अवर्षणग्रस्त तालुक्यातील द्विशिक्षकी शाळेत होतो. जिल्ह्याच्या आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी कोणी तरी माझे नाव सुचविले आणि निवड समितीचे बोलावणे आले. मी आठवडाभर तयारी केली. धुतलेले कपडे, काखेत फाईल. अध्यक्षांनी अगदी सौम्यपणे विचारले, ‘गुरुजी, आपण आपल्या शाळेत काय केलेत?’ मी पाठ केलेले म्हणून टाकले: पटनोंदणी 100 टक्के, सरासरी उपस्थिती 92 टक्के, गळती शून्य, वृक्षारोपण, प्रभातफेरी, परसबाग, लोकवर्गणीतून दोन फळे व एक लोखंडी कपाट. सदस्य ऐकत होते. म्हणजे एक सदस्य पंख्याकडे पाहत होते आणि दुसरे माझ्या फाईलवरील तारीख वाचीत होते. ‘बरे, या आपण,’ असे अध्यक्ष म्हणाले तेव्हा चार मिनिटे झाली होती. माझ्या आधी आत गेलेल्या गुरुजींनी बहुधा हेच सांगितले असणार. माझ्यानंतरच्यांनीही तेच सांगितले असेल.

बाहेर येऊन पायरीवर बसलो. एस.टी.ला अवकाश होता. शेजारी दुसऱ्या तालुक्यातले एक वयस्क गुरुजी तंबाखू मळीत बसले होते. त्यांनी सहज विचारले, ‘तुमच्याकडं ऊसतोडीला जाणारी कुटुंबं फार. मग पोरं शाळेत टिकतात कशी?’ आणि मी त्यांना शेळ्यांची हकीकत सांगू लागलो. ती येथेही सांगतो. कारण पुढचे सर्व विवेचन तिच्यावरच उभे आहे.

दिवाळी झाली की आमच्या गावातून टोळ्या निघत. मुकादमाकडून उचल घेतलेली, तेव्हा जाणे भागच. तिसरीतल्या एका मुलीचे आईबाप असेच कारखान्यावर गेले आणि ती आजीजवळ राहिली. महिन्याभरात तिचे 11 खाडे झाले. आली तरी साडेअकराला येई. मी दोनदा रागावलो. शेवटी एका संध्याकाळी तिच्या घरी गेलो. आजीला नीट दिसत नव्हते. ती म्हणाली, ‘गुर्जी, पोरगी साळंत आली तर शेरडं कोन राखील?’ घरात दोन शेळ्या होत्या, आणि आईबाप येईपर्यंत चुलीला आधार तेवढाच होता. म्हातारीच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी म्हणालो, ‘उद्या शेळ्या घेऊनच शाळेत ये.’

ती खरोखर आली. शेळ्या अंगणातल्या कडुलिंबाला बांधल्या. आठ दिवसांत आणखी चार मुले आपापल्या शेळ्या घेऊन आली. एकूण नऊ शेळ्या झाल्या. माझे सहकारी गुरुजी संतापले, आणि त्यांचे चुकत नव्हते. प्रार्थनेच्या आधी मुले लेंड्या झाडीत, तरी वास राहीच. शिवाय त्या शेळ्यांनी शाळेने लावलेल्या 20 रोपांपैकी 14 फस्त केली. (समितीपुढे मी ‘वृक्षारोपण’ म्हणालो ते हेच!) सरपंचांकडे तक्रार गेली. मग शाळेलगतच्या पडीक रानाचे मालक स्वतःच म्हणाले, ‘तिकडं बांधा, माझं काय जातं?’ मधल्या सुट्टीत मुले शेळ्यांना पाणी दाखवून येत. किती शेळ्यांना किती पाला, दूध किती, विकले तर पैसे किती, यावर आमची तिसरीची गुणाकाराची गणिते झाली. पौषापासून होळीपर्यंत ती पाचही मुले रोज, वेळेवर वर्गात होती.

त्या गुरुजींनी तंबाखू तशीच हातात धरली होती. ते म्हणाले, ‘हे आत सांगितलंत ना?’

मी म्हणालो, ‘नाही हो. शेळ्यांचं काय सांगायचं?’

बंधुभगिनींनो, हा जो माझा समज होता, तो आपणां सर्वांचाच आहे असे मला वाटते. वर्गात आपण दिवसभर गोष्टी सांगतो. गोष्टीशिवाय मूल ऐकत नाही हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? पण मोठ्या माणसांसमोर, टेबलामागे बसलेल्या चौघांसमोर गेलो की, आपल्याला वाटते, येथे परिपत्रकाचीच भाषा हवी. टेबलामागचे चौघेही माणसेच असतात. त्या दिवशी त्यांनी वीस-पंचवीस जणांकडून ‘उपस्थिती 92 टक्के’ ऐकलेले असते. आकडा खरा असला तरी तो कोणाचाही असू शकतो. कडुलिंबाला बांधलेली शेळी मात्र फक्त माझ्याच शाळेतली असते.

आणखी एक गोष्ट मला त्या पायरीवर उमगली; ती सांगताना आजही जड जाते. हकीकतीच्या ओघात त्या गुरुजींनी विचारले, ‘मग सगळीच पोरं राहिली?’ मी थबकलो. एक मुलगा राहिला नव्हता. त्याच्या घरी शेळीही नव्हती आणि आजीही नव्हती. बापाने त्याला सोबत नेले. हजेरीपटावर त्याचे नाव मी तसेच ठेवले होते, म्हणून गळती शून्य. गुढीपाडव्यानंतर तो परत आला तेव्हा जोडाक्षरे विसरला होता आणि मागच्या भिंतीला टेकून बसत असे. पुढील काळात अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आली, मुलाबरोबर दुसऱ्या गावी जाणारे शिक्षण हमी पत्रक आले. तेव्हा यातले काही नव्हते. पण मुद्दा तो नाही. समितीसमोर ‘गळती शून्य’ म्हणताना त्या मुलाची मला आठवणसुद्धा झाली नाही. पायरीवर गोष्ट सांगताना मात्र तो आपोआप पुढे येऊन उभा राहिला. आकड्यामागे माणूस लपू शकतो, गोष्टीत तो लपणे कठीण असते. म्हणून मी म्हणतो की, गोष्टीच्या रूपाने काम मांडणे ही भुलविण्याची युक्ती नव्हे. प्रामाणिकपणे केले तर ते काम आकडे म्हणून दाखविण्यापेक्षा अवघडच आहे.

आता ते करावे कसे? याला इंग्रजी पुस्तके धुंडाळण्याचे कारण नाही. आपल्या भाषेला ही विद्या सातशे वर्षांपासून अवगत आहे. महानुभाव पंथाच्या वाङ्मयात ‘दृष्टान्तपाठ’ नावाचा एक ग्रंथ आहे. चक्रधरस्वामींच्या मुखातील दृष्टान्त केसोबासांनी त्यात एकत्र केले. त्याची बांधणी तीन अंगांची आहे: प्रथम सूत्र, म्हणजे थोडक्यात सिद्धान्त, मग दृष्टान्त, म्हणजे व्यवहारातली एक छोटी गोष्ट, आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे ती गोष्ट प्रस्तुत विषयाला कशी लागू पडते त्याचा उलगडा. मुलाखतीतल्या चांगल्या उत्तराची याहून नेटकी घडण मला तरी ठाऊक नाही.

माझ्याच उदाहरणाने पाहू. ‘स्थलांतरित कुटुंबांतील मुले आपण शाळेत कशी टिकविलीत?’ असा प्रश्न आहे असे धरा. सूत्र: ‘मुलाच्या अंगावर घरचे जे काम पडलेले असते, ते शाळेने आधी समजून घ्यावे, असे मला अनुभवाने वाटते.’ दृष्टान्त: शेळ्यांची हकीकत. दार्ष्टान्तिक: ‘आता मला दुसऱ्या शाळेत पाठविले, तेथे शेळ्या नसतील, वीटभट्टी असेल. तरी पहिल्या महिन्यात मी गैरहजर मुलांच्या घरी संध्याकाळी जाईन, एवढे नक्की.’ या तिसऱ्या अंगाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. गोष्ट रंगते, सदस्य हसतात, आणि उमेदवार तेथेच थांबतो. समितीला वस्तुतः हवे असते ते पुढचे: आमच्या शाळेत हा मनुष्य काय करील? उलट आपल्यातले कित्येक केवळ सूत्रेच सांगतात, ‘मूल हे केंद्रस्थानी असले पाहिजे’ वगैरे. दृष्टान्तावाचून सूत्र म्हणजे कोणाच्याही तोंडी बसणारे वाक्य.

लांबीविषयी आपल्या घरातल्या आयाबायांकडून शिकावे. व्रताच्या कहाणीच्या अखेरीस साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरांत संपविल्याचे सांगतात. साठाचे पाच करणे हीच सारी कला आहे. मुलाखतीत एका उत्तराला दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ मिळत नाही. तेव्हा ‘अमुक साली मी सेवेत रुजू झालो, तेव्हा शाळेची पटसंख्या...’ असे मूळ गंगोत्रीपासून निघाल्यास शेळी येण्यापूर्वीच घंटा होते. अडचण जेथे उभी राहिली तेथूनच आरंभ करावा: ‘एक मुलगी महिन्यात 11 दिवस आली नाही.’ ऐकणारा लगेच मनात म्हणतो, का बरे? तो ‘का’ निर्माण झाला की पुढचे ऐकले जाते.

डिसेंबर 2020 मध्ये सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे आपण जाणताच. पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत घालण्याचे त्यांचे काम प्रसिद्ध आहे. परंतु पुरस्काराच्या वेळी त्यांच्या कामाची जी हकीकत जगापुढे आली, ती संकेतापासून सुरू होत नव्हती. 2009 मध्ये ते या शाळेत आले तेव्हा मोडकळीला आलेली इमारत होती, एका अंगाला गुरांचा गोठा, दुसऱ्या अंगाला कोठार. गावातील मुलींची घरची भाषा कन्नड, आणि पुस्तके दुसऱ्याच भाषेत. म्हणून प्रथम ती भाषा शिकणे, मग पुस्तकांचे भाषांतर, आणि मग ते संकेत. तंत्राचे नाव परदेशातल्या सामान्य वाचकाच्या ध्यानात राहिले असेल वा नसेल. शाळा आणि गोठा शेजारी शेजारी हे चित्र राहिले असणार. अडचण समजल्याशिवाय उपायाचे मोल कळत नाही, एवढाच याचा अर्थ.

आपल्या मार्गातला आणखी एक अडथळा म्हणजे आपला विनय. ‘आपण काय केलेत?’ असे विचारले की, आपण म्हणतो, ‘सर्वांच्या सहकार्याने आम्ही हा उपक्रम राबविला.’ सभेत हे शोभते. मुलाखतीत यातून काहीच कळत नाही. पडीक रान शेतकऱ्याने दिले हे त्याच्या नावावर सांगावे; सहकाऱ्याने रोज अर्धा तास वर्ग सांभाळला असेल तर तेही सांगावे; आणि म्हातारीच्या घरी मी गेलो, हेही न लाजता सांगावे. ज्याचे त्याला देऊन उरलेले तेवढे आपले. ही आत्मप्रौढी नव्हे, हा हिशेब आहे.

फसलेल्या प्रयोगाविषयी हल्ली पुष्कळ समित्या विचारतात. तेथे उमेदवार गडबडतात आणि ‘माझा दोष म्हणजे मी फार काम करतो’ असले काही तरी बोलतात. गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. 1932 च्या सुमारास निघालेले हे गुजराती पुस्तक म्हणजे एका कल्पित शिक्षकाने सांगितलेली आपल्या प्रयोगाची गोष्टच आहे. हा शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊन चौथीचा वर्ग मागून घेतो, मोठ्या तयारीने पहिल्या दिवशी शांततेचा खेळ घेतो, आणि तो पार फसतो. वर्गात हलकल्लोळ होतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग स्थिर होतो. गिजुभाईंना तो पहिला दिवस गाळता आला असता. त्यांनी गाळला नाही, म्हणूनच पुढच्या यशावर आपला विश्वास बसतो. आपल्या फसगतीची गोष्टही अशीच सांगावी: काय योजले, काय बिघडले, दुसऱ्या दिवशी काय बदलले. पैकी दुसरा दिवस महत्त्वाचा.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी, आणि त्यांवर मी थोडा कठोर बोलणार आहे.

पुढे माझ्यावर निवड समितीत बसण्याची वेळ आली. एका उमेदवाराने फार सुंदर गोष्ट सांगितली: वर्षभर मुका राहिलेला एक मुलगा त्यांच्या गाण्यांमुळे एके दिवशी एकाएकी बोलू लागला. आमच्या एका सदस्य बाईंनी अत्यंत कुतूहलाने, कसलाही डाव न ठेवता विचारले, ‘पहिला शब्द कोणता बोलला हो तो?’ गृहस्थ क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘म्हणजे... गुरुजी, असं म्हणाला.’ आम्ही सर्वांनी माना खाली घातल्या. ज्याने तो शब्द खरोखर ऐकला असता, तो जन्मभर विसरला नसता. रचलेली गोष्ट दुसऱ्या प्रश्नाला उभी राहत नाही. पण पकडले जाण्याचे भय हे काही खरे कारण नव्हे. ज्या मुलाच्या नावावर आपण ती रचतो, तो अस्तित्वातच नसतो, आणि जो मागच्या भिंतीला टेकून बसलेला असतो, त्याच्याविषयी कोणी बोलत नाही.

दुसरी गोष्ट मुलाच्या अब्रूची. मुलाचे दारिद्र्य, त्याच्या बापाचे व्यसन, त्याची जात, आईचे घर सोडून जाणे, हे सारे आपल्या गोष्टीत करुणरस भरण्यासाठी वापरण्याचा मोह होतो. कृपा करून तसे करू नये. नाव तर सांगूच नये. एक कसोटी मी स्वतःला लावून घेतली आहे: ते मूल मोठे होऊन त्या खोलीत मागे उभे राहून ऐकत असते, तर मी हेच, याच शब्दांत बोललो असतो का? शेळ्यांची हकीकत त्या मुलीसमोर मी पुढे एकदा सांगितली आहे. ती हसली, आणि ‘गुरुजी, तिसरी शेळी आमची नव्हती, चुलत्याची होती,’ अशी तिने दुरुस्ती केली.

अनुभवच नाही, अशी नव्या मुलांची तक्रार असते. माझी एक जुनी विद्यार्थिनी मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी आली. ‘गुरुजी, स्वतःविषयी सांगा असं विचारतात. माझ्याकडं सांगण्यासारखं काहीच नाही.’ मी म्हणालो, ‘आंतरवासितेत शाळेवर होतीस ना? एक मूल आठव.’ ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, एक मुलगा चित्र पाहून धडा घडाघडा वाचायचा. तिने एकदा चित्रावर हात ठेवला आणि तो थांबला. तेव्हा तिला कळले की तो वाचत नव्हता, पाठ म्हणत होता. मग तिने काय केले? रोज त्याच्या घरातल्या वस्तूंची नावे मोठ्या अक्षरांत लिहून नेली: तवा, दिवा, खाट. महिन्यात त्याला किती आले? ‘पूर्ण नाही आलं, गुरुजी. सातआठ शब्द. मग माझी मुदत संपली.’ मी म्हणालो, ‘हेच सांग, सातआठच सांग.’ तिचे पुढे काय झाले ते विचारू नका. त्या शाळेत तिला घेतले नाही. पण बाहेर आल्यावर तिने मला फोन केला, आणि त्या चित्रावर ठेवलेल्या हाताविषयी सदस्यांनी तिला तीन प्रश्न विचारले हेच ती पहिल्यांदा सांगू लागली. पुढल्या वर्षी ती दुसऱ्या संस्थेत लागली.

हे सारे आयत्या वेळी आठवत नाही, म्हणून लिहून ठेवावे लागते. आकारिक मूल्यमापनात आपण मुलांच्या वर्णनात्मक नोंदी करतो. त्यांपैकी किती आपल्या असतात आणि किती बाजारातल्या छापील पुस्तकातून उतरविलेल्या असतात, हे मी येथे विचारीत नाही. मीही त्या पुस्तकांतून उतरविले आहे. माझी विनंती एवढीच की, टाचणवहीच्या शेवटच्या पानावर रोज एक ओळ, तारखेसह, आपली स्वतःची असावी. ‘आज अमुक मुलगा फळ्यावर स्वतःहून आला.’ ‘आज भागाकार कोणालाच समजला नाही.’ वर्षाअखेर दोनशेच्या आसपास ओळी होतात. त्यांतल्या पाच-सहा गोष्टी होतात. उरलेल्या ओळी आपल्यापुरत्या.

आणि ती गोष्ट एकदा मोठ्याने कोणाला तरी सांगून पाहावी. पाठ करू नये; पाठ केले की आवाज परिपत्रकासारखा होतो. घरात, ओट्यावर, एस.टी.च्या थांब्यावर, कुठेही. ऐकणाऱ्याने जेथे प्रश्न विचारला, तेथे आपण काही तरी गाळले आहे असे समजावे. मला तर माझ्या चुकीचा पत्ता असाच लागला.

केंद्रप्रमुखांनी चहापूर्वी अर्धा तास राखून ठेवला आहे. आपण दोघादोघांच्या जोड्या करू. एकाने समितीचा अध्यक्ष व्हावे आणि विचारावे, ‘यंदा आपण काय केलेत?’ दुसऱ्याने तीन मिनिटांत एका मुलाची हकीकत सांगावी, नाव न घेता. घड्याळ माझ्याकडे आहे. तेथे खिडकीजवळ बसलेल्या बाईंनी मघाशी शेळ्यांचे ऐकून मान डोलावली, तेव्हा त्यांच्याजवळ काही आहे असा मला संशय आहे. आरंभ त्यांच्यापासून करू.